सकाळी १८, संध्याकाळी १३... बाबांचं ट्रोपोनिन खरं किती?

पत्र : ताई, माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत, डायबेटिस १५ वर्षांपासून, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) १.६ च्या आसपास असतं. गेल्या महिन्यात जिना चढताना दम लागतो म्हणून डॉक्टरांनी टेस्ट सांगितल्या, त्यात ट्रोपोनिन टी (अटॅक आहे का ते बघायची ब्लड टेस्ट) होतं. सकाळी ८ ला ब्लड दिलं, १८ आलं. रिपोर्टवर नॉर्मल १४ पर्यंत लिहिलंय. ईसीजी नीट होता, डॉक्टर म्हणाले अटॅक नाही, इको (हार्टची सोनोग्राफी) करून घ्या. पण मला राहवेना, त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला परत त्याच लॅबमध्ये ब्लड दिलं तर १३! मग बारा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये सकाळी केलं, तिथे आलं ०.०१७. आता भाऊ म्हणतो पहिली लॅबच बोगस आहे. मला वाटतं संध्याकाळी नॉर्मल येतं तर यापुढे संध्याकाळीच करत जावं. कोणता आकडा खरा मानायचा? आणि दर आठवड्याला टेस्ट करत राहिलं तर चालेल का? बाबांना या आकड्यांमुळे झोप नाही. – काळजीत पडलेली मुलगी

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर थांबले. बाबांना झोप नाही. त्यामुळे सगळ्यात आधी त्यांच्यासाठी सांगते, हे तीनही रिपोर्ट एकमेकांशी अगदी छान जुळतात, कोणतीही लॅब बोगस नाही आणि बारा दिवसांत बाबांच्या हार्टमध्ये काही वरखाली झाल्याचं या आकड्यांत दिसत नाही. कसं ते आता सावकाश सांगते.

आधी ते ०.०१७ घेऊ, कारण तो आकडा बघून तुमच्या घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला असणार. रिपोर्टवर आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात युनिट छापलेलं असतं ना, ते बघा. पहिल्या लॅबचा रिपोर्ट नॅनोग्रॅम पर लिटरमध्ये असणार आणि दुसऱ्या लॅबचा नॅनोग्रॅम पर मिलिलिटरमध्ये. एका लिटरमध्ये हजार मिलिलिटर, म्हणजे ०.०१७ ला हजारने गुणलं की झाले १७. तिथे नॉर्मलची रेंज पण ०.०१४ अशी छापली असेल, बघा. (काही लॅब पिकोग्रॅम पर एमएल लिहितात, तो आकडा आणि नॅनोग्रॅम पर लिटरचा आकडा एकच असतो, तिथे काही गुणायचं नाही.) मी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि या एका दशांश चिन्हापायी लोक उगाच घाबरलेले पण पाहिलेत आणि उगाच निर्धास्त झालेले पण पाहिलेत, त्यातले दुसरे जास्त काळजीचे.

म्हणजे आता तुमच्याकडे काय आहे, सकाळी १८, संध्याकाळी १३, आणि बारा दिवसांनी परत सकाळी १७. हे असं मांडलं की काही लक्षात येतंय का? सकाळ आणि सकाळ जवळपास सारखी आहे. वेगळी आहे ती फक्त संध्याकाळ.

ट्रोपोनिन टीला दिवसाची लय असते. सकाळी वर, मग दिवसभर हळूहळू उतरत जातं, रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला सगळ्यात कमी, आणि रात्री आपण झोपेत असताना परत चढत चढत सकाळी वर. हे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, लोकांचं दिवसरात्र ठरावीक अंतराने ब्लड घेऊन. त्यांना सकाळी साडेआठला सरासरी १७ च्या आसपास मिळालं, रात्री साडेआठला १२ च्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत १७. या लोकांना अलीकडे अटॅक आलेला नव्हता. आता हे आकडे तुमच्या बाबांच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. मला तर तुमचं पत्र वाचताना तोच आलेख डोळ्यासमोर आला.

आता ट्रोपोनिन म्हणजे काय ते थोडक्यात, कारण नावाचीच धास्ती असते लोकांना. हार्टच्या मसलमध्ये बारीक तंतू असतात जे एकमेकांवर सरकतात आणि त्यामुळे हार्ट आकुंचन पावतं. कधी सरकायचं हे कॅल्शियमच्या इशाऱ्यावर ठरवणारी प्रोटीनची एक तिकडी त्या तंतूंवर बसलेली असते, ट्रोपोनिन टी, आय आणि सी. मसलची पेशी फुटली की ही प्रोटीन रक्तात येतात, म्हणून अटॅकमध्ये ती वाढतात. पण आत्ताच्या हाय सेन्सिटिव्हिटी टेस्ट इतक्या बारीक मोजतात की धडधाकट माणसाच्या रक्तात पण थोडंसं ट्रोपोनिन सापडतंच. आणि किडनी थोडी कमी चालत असेल, डायबेटिस असेल, वय असेल, हार्टवर जुना ताण असेल तर हा आकडा कायमच जरा वर राहतो. बाबांच्या बाबतीत डायबेटिस आणि १.६ क्रिएटिनिन दोन्ही आहे. त्यामुळे १७-१८ बघून मला धक्का बसला नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनाही बसलेला दिसत नाही.

तुमच्या भावाला एक सांगा, एकाच लॅबमध्ये सकाळी १८ आणि संध्याकाळी १३ आलं म्हणजे मशीन बिघडलं असा अर्थ लगेच काढू नये. लॅबमध्ये रोज पेशंटचे सॅम्पल लावायच्या आधी कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं सॅम्पल, एक कमी आकड्याचं आणि एक जास्त आकड्याचं. तो आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तरच पुढचं काम सुरू होतं, नाही आला तर टेक्निशियन डोक्याला हात लावून बसतो आणि कॅलिब्रेशन परत करतो. तरीसुद्धा मशीनचा स्वतःचा थोडा फरक राहतोच, चांगल्या टेस्टमध्येही १४ च्या आसपास दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. म्हणजे १३ आणि १४ मध्ये तुम्ही जी भिंत समजताय ती भिंत नाहीये मुळात. १४ हा आकडा कुठून आला तर निरोगी लोकांचे आकडे ओळीने लावले, १०० मधले ९९ लोक ज्या आकड्याच्या आत बसतात तो धरला. तेरा आलं म्हणजे सुटलो आणि पंधरा आलं म्हणजे संपलं, असं ते नसतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खरा आकडा कोणता. दोन्ही खरे. बाबांचं ट्रोपोनिन सकाळी १८ आहे आणि संध्याकाळी १३ आहे, जसं त्यांचं बीपी पण सकाळचं वेगळं आणि रात्री झोपेतलं वेगळं असतं. शरीरात बऱ्याच गोष्टींना अशी लय आहे, कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन पहाटेपासून चढतं, शरीराचं तापमान पहाटे उतरलेलं असतं. मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे आणि हार्टच्या पेशींमध्ये त्यांचं स्वतःचं छोटं घड्याळ पण असतं. पेशीच्या आत हे घड्याळ चालतं कसं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. मला हा विषय फार आवडतो, सांगत बसले तर पान पुरणार नाही, म्हणून इथेच आवरते.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे ज्याने मी खरंच अस्वस्थ झाले. "यापुढे संध्याकाळीच करत जावं." ताई म्हणालात म्हणून हक्काने सांगते, हे करू नका. संध्याकाळी केलं तर आकडा १४ च्या आत येईल, घरात सगळ्यांना बरं वाटेल, पण बाबांचं हार्ट तेच राहणार ना? सकाळचा १८ सांगतोय की या हार्टवर काहीतरी थोडा थोडा ताण सतत आहे, तो कशामुळे आहे हे बघायला हवं, आणि म्हणूनच डॉक्टरांनी इको सांगितलाय. तुमच्या पत्रात तीन वेळा ब्लड दिल्याचं लिहिलंय आणि इको झाला का याबद्दल एक शब्द नाही. झाला नसेल तर या आठवड्यात करून घ्या. जिना चढताना दम लागणं ही मुख्य तक्रार होती, ती कुठेतरी आकड्यांच्या मागे पडली असं मला वाटतंय.

वेळेचा उपयोग वेगळ्या कारणासाठी करायचा. पुढे कधी डॉक्टरांनी सांगितलं की तीन-सहा महिन्यांनी ट्रोपोनिन परत बघू, तर तेव्हा लॅब तीच, टेस्ट तीच आणि वेळ पण साधारण तीच, म्हणजे आज सकाळी ८ ला दिलं तर तेव्हाही ८ ते ९ च्या दरम्यान. मग वाढलं की कमी झालं याला काही अर्थ राहतो. नाहीतर सकाळचा जुना आणि संध्याकाळचा नवा रिपोर्ट शेजारी ठेवून माणूस म्हणतो, वा, गोळ्यांनी फरक पडला! आणि फरक पडलेला असतो तो घड्याळाचा. उलटंही होतं, आधी संध्याकाळी केलेलं आणि मग सकाळी, की घरात रडारड.

आणि वेळ कुठे बघायची तर रिपोर्टवर. नीट बघितलं तर तिथे बहुतेकदा तीन वेगवेगळ्या वेळा छापलेल्या असतात, सॅम्पल घेतल्याची, लॅबमध्ये पोचल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची. आपल्याला पहिली हवी. पण यात एक गंमत होते जी मी स्वतः कितीतरी वेळा पाहिली आहे, ट्यूबवर बारकोडचा स्टिकर बिलिंगच्या वेळीच छापून येतो आणि सिस्टिममध्ये तीच वेळ पडते, सुई प्रत्यक्षात तासाभराने टोचली तरी. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्यांच्या बाबतीत तर अजूनच. म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते, दंडाचा पट्टा सोडला की मोबाईलमध्ये वेळ बघा आणि रिपोर्ट हातात आला की पेनाने त्याच्यावर लिहून टाका.

अजून एक, टेस्ट तीच म्हणजे काय. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, नाव सारखं वाटलं तरी. टीचा १८ आणि आयचा १८ यांची तुलनाच होत नाही, आयमध्ये तर कंपनीप्रमाणे नॉर्मलची रेंज बदलते आणि बऱ्याचदा बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी असते. आणि गंमत म्हणजे त्या मास्ट्रिख्तच्या लोकांनी आय पण मोजलं होतं, त्यात अशी सकाळ-संध्याकाळची लय दिसली नाही. म्हणजे एकाच मसलमधली, एकाच तिकडीतली दोन प्रोटीन, एक घड्याळाप्रमाणे चालतं आणि दुसरं नाही. तुमचे तीनही रिपोर्ट टीचे आहेत म्हणून मी ते एका ओळीत लावू शकले, पुढच्या वेळी लॅबने आय केलं तर तो आकडा या यादीत घालू नका.

बाबा केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतात का हे पण विचारा, कारण काही टेस्टमध्ये त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. घेत असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे जरा शांतपणे वाचा आणि भावालाही वाचायला द्या. मी वर जे काही लिहिलं, सकाळ, संध्याकाळ, तीच वेळ, ते सगळं फक्त बाबा घरात नीट हिंडत-फिरत असताना. छातीत दुखायला लागलं, छातीवर दाब आला, दम अचानक वाढला, घाम फुटला, तर घड्याळाकडे बघायचंच नाही. रात्रीचे अडीच वाजले असतील तर अडीचला निघायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची. "सकाळी लॅब उघडली की ट्रोपोनिन करून बघू" हे वाक्य घरात कोणाच्या तोंडून येऊ देऊ नका. आणि डायबेटिसच्या पेशंटला अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम, घाम, मळमळ, जबडा दुखणं, पोटात वरच्या बाजूला ॲसिडिटीसारखं, एवढंच असू शकतं. बाबांना डायबेटिस १५ वर्षांपासून आहे, त्यामुळे हे तुमच्या घरात प्रत्येकाला पाठ हवं.

तुमच्या मनात येईल की या लयीमुळे इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचीही फसगत होत असेल. नाही होत, आणि का ते साध्या हिशोबात दिसतं. सकाळ ते रात्र १२ तासांत आकडा ५ ने उतरतो, म्हणजे तासाला अर्धासुद्धा नाही. आणि अटॅक आहे का हे बघताना डॉक्टर एका आकड्यावर थांबत नाहीत, एक-दोन किंवा तीन तासांनी परत ब्लड घेतात आणि मधला फरक बघतात. युरोपातल्या हृदयतज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत ट्रोपोनिन टी एका तासात ५ किंवा जास्त बदललं तर अटॅकचा संशय पक्का धरून पुढे जातात. बारा तासांची लय जेवढा फरक पाडते तेवढा फरक अटॅकमध्ये एका तासात पडतो. २०१६ साली छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटवर हे तपासून पण झालंय, लय त्यांच्यातही होती पण निदान सकाळी जितकं बरोबर येतं तितकंच संध्याकाळीही आलं.

नाईट ड्युटीची एक आठवण आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रात्री दोनच्या सुमाराला एक ट्यूब आली, पन्नाशीच्या गृहस्थांची, दुखायला लागून जेमतेम तास झाला होता. आकडा ९. मी फोनवर सांगितला आणि पलीकडून नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते, नॉर्मल आहे ना, मग घरी नेतो, सकाळी त्यांना काम आहे. ड्युटीवरची डॉक्टर पोरगी वयाने लहान पण ठाम, म्हणाली दुसरं ब्लड झाल्याशिवाय मी सही करणार नाही. पाचला दुसरी ट्यूब आली, मी मशीनसमोर उभी राहून वाट बघितली, ६४. माझे हात गार पडले होते फोन लावताना. ते गृहस्थ वेळेत कॅथलॅबमध्ये (जिथे ॲन्जिओग्राफी-ॲन्जिओप्लास्टी करतात) गेले आणि नंतर चालत घरी गेले. पहिल्या एक-दोन तासांत ट्रोपोनिन वाढलेलं नसू शकतं, म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबायचं, नुसत्या पहिल्या रिपोर्टवर निघून यायचं नाही.

सकाळी अटॅक जास्त येतात हे तुम्ही ऐकलं असेलच, आणि मग सकाळी ट्रोपोनिन वर, सकाळी अटॅक, असं दोन्ही जोडून घ्याल म्हणून सांगते. ते खरं आहे, १९८५ मध्ये अमेरिकेत जेम्स मुलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सकाळी ९ च्या सुमाराला अटॅक सुरू होण्याचं प्रमाण रात्री ११ च्या तिप्पट असतं. आणि त्यांनी ते नुसतं पेशंटला विचारून नाही ठरवलं, ७०० हून जास्त पेशंटमध्ये रक्तातलं सीके-एमबी (हार्टच्या मसलला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) पहिल्यांदा कधी वाढलं त्यावरून मागे मोजत जाऊन वेळ काढली. पण बाबांचा सकाळचा १८ म्हणजे रोज सकाळी छोटा अटॅक असं मुळीच नाही. तसं असतं तर बारा दिवसांत आकडा असा १८ वरून १७ वर शांत बसून राहिला नसता. आणि बीपीच्या गोळ्यांच्या वेळा हे वाचून मनाने बदलू नका.

दर आठवड्याला टेस्ट? नको. ट्रोपोनिन म्हणजे शुगर नाही की आठवड्याचा आकडा बघून गोळी कमी-जास्त करायची. दर आठवड्याला सुई, दर आठवड्याला आकडा एक-दोनने हलणार, आणि तो हलला की बाबांची अजून एक रात्र जागून जाणार. ताण शोधायचा तो इकोमध्ये, हिमोग्लोबिनमध्ये (दम लागतोय म्हणून ते पण बघायला सांगा), किडनीच्या रिपोर्टमध्ये, बीपी आणि शुगर किती आवाक्यात आहे त्यात. ट्रोपोनिन परत कधी करायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आज एवढं करा. तीनही रिपोर्ट घ्या, प्रत्येकावर ब्लड घेतल्याची वेळ लिहा, तिसऱ्यावर ०.०१७ च्या शेजारी १७ लिहा, आणि इकोची अपॉइंटमेंट घ्या. मग बाबांच्या शेजारी बसून त्यांना ते तिन्ही कागद सकाळ, संध्याकाळ, सकाळ असे ओळीने लावून दाखवा. त्यांच्या डोळ्यांनी त्यांनाच बघू दे. आणि इकोचा रिपोर्ट आला की मला कळवा, मी वाट बघतेय.